आवाजाचा डबा

रफिकने मला फसवलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचताना कोणाचा गैरसमज नको. फसवणारा रफिक, फसलेला मी, आणि साक्षीला प्लायवूडचा एक डबा. तीस वर्षं हे वाक्य मी असंच, याच क्रमाने, मनात धरून आहे. मला फसवायचा प्रयत्न बाजारात पुष्कळांनी केला. जमलं ते फक्त त्याला.

तो डबा गेल्या महिन्यात दुकानाच्या माळ्यावरून खाली आला. बुधवार पेठेत माझं वायरी, पिना आणि स्पीकरचं दुकान आहे. हात पसरून उभं राहिलं तर दोन्ही भिंतींना बोटं लागतात एवढंच रुंद, पण स्वतःचं. सुरुवात समोरच्याच फूटपाथवर गोणपाट अंथरून केली होती, त्यामुळे त्या रुंदीबद्दल माझी तक्रार नाही. माळ्याला वाळवी लागली म्हणून औषध मारणाऱ्या माणसाला बोलावलं होतं. तो शिडीवरून ओरडला, "शेट, ही पेटी भंगारात काढू?"

"हात लावू नका."

"अहो, तळ कुजलाय."

"माझी आहे. कुजू दे."

तो जरा रागावला असावा, कारण त्याने डबा काउंटरवर ठेवला तो आपटूनच. वर ट्रंकेची लोखंडी मूठ, पुढे अ‍ॅल्युमिनियमच्या चाळणीची जाळी, बाजूला जुन्या रेडिओचं एक पांढरं बटण. मागची फळी निघाली, आणि आतून तो वास आला. सोल्डर करताना राळ जळते तिचा गोडसर, घशाला लागणारा वास. इतकी वर्षं बंद डब्यात तो कसा टिकला कोण जाणे. माझ्या दुकानात दिवसभर सोल्डरचं रीळ विकलं जातं, पण त्या रिळाला हा वास येत नाही. गिऱ्हाईक पिना मागत उभं होतं आणि मी डब्यात नाक घालून बसलो होतो.

*

आज सगळा बाजार मला शेट म्हणतो. कोणी आदराने म्हणतं, कोणी धास्तीने. हे नाव मूळचं रफिकने ठेवलेलं, आणि त्यात आदर अजिबात नव्हता. आम्ही तेव्हा सातवीत होतो. शाळेबाहेरच्या पेरूवाल्याशी मी एका पेरूसाठी इतकी हुज्जत घातली की शेवटी त्याने पेरू माझ्या हातात कोंबला आणि म्हणाला, जा बाबा, तोंड नको दाखवूस. मी तो अर्धा करून रफिकला दिला. त्याने जाड भिंगांचा चष्मा वर सरकवला, पेरू डोळ्यांजवळ नेऊन पाहिला आणि म्हणाला, "चला शेट, गाडी आणायला सांगू?"

आम्ही कसबा पेठेत राहायचो, पहिल्या मजल्यावर दोन खोल्या. रफिकचं घर पलीकडच्या गल्लीत होतं. त्याचे वडील हमीदचाचा रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचे. घराच्याच पुढच्या भागात त्यांचं टेबल होतं, आणि त्या टेबलावर कायम कोणता ना कोणता रेडिओ पोट उघडून पडलेला असायचा. तांबट आळीतून दिवसभर तांब्यावर हातोडे पडल्याचे आवाज यायचे. ते आवाज मला कधी वेगळे ऐकू आलेच नाहीत, माझ्यासाठी ती नुसती ठोकाठोकी होती. रफिक सांगायचा, आज बंब चाललाय, आता घागरीचा गळा चाललाय. आम्ही जाऊन पाहायचो. घागरीचा गळाच असायचा.

टीव्ही आम्ही जुन्या बाजारात मिळवला, एका रविवारी सकाळी. त्याच्यावर खेळायचा व्हिडिओ गेम मामाने दिला होता, पण घरात टीव्हीच नव्हता, म्हणून तो गेम दोन महिने कपाटात पडून होता. बाजारात एक म्हातारा काळ्या छत्रीखाली बसला होता, पुढ्यात छोटा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही. "चित्र येतं, आवाज गेलाय," त्याने प्रामाणिकपणे सांगितलं. प्रामाणिक माणसाशी भाव करणं सोपं असतं. माझ्याकडे बदल्यात द्यायला मामाची जुनी सायकल होती.

"आवाज नाही म्हणजे अर्धाच टीव्ही झाला," मी म्हणालो. "अर्ध्या टीव्हीला अख्खी सायकल?"

"तुझ्या सायकलला चेन कुठंय?"

"तुमच्या टीव्हीला तोंड कुठंय?"

म्हातारा हसला, पण मान हलवेना. तेव्हा रफिकने माझी बाही ओढली. हे आमचं ठरलेलं होतं, मीच त्याला शिकवलं होतं. "चल शेट, आपल्याला नको," तो मोठ्याने म्हणाला, आणि आम्ही पाठ फिरवली.

तीन पावलं. जास्त नाही, कमी नाही. पहिलं रागाने टाकायचं, दुसरं जरा हळू, आणि तिसरं टाकून थांबायचं. खिशात काही शोधतोय असं करायचं, खोकायचं, चपलेतला खडा काढायचा. दुकानदाराला द्यायचं असेल तर तो तिसऱ्यावर हाक मारतो. चौथं पाऊल टाकलं की व्यवहार मेला. मग तुम्हीही परत फिरू शकत नाही आणि तोही बोलावू शकत नाही, दोघांचीही शोभा होते. आजही माझ्या दुकानाच्या पायरीवरून गिऱ्हाईक उतरतं तेव्हा मी मान वर न करता त्याची पावलं मोजतो.

तिसऱ्या पावलावर रफिक खोकला.

"ए पोरांनो, या इकडे," मागून म्हातारा म्हणाला.

टीव्ही गोणपाटात घालून, दोन टोकं दोघांनी धरून आम्ही नदीकाठाने घरी आलो. ऊन तापलं होतं, गोणपाटाला कांद्यांचा वास येत होता, आणि दर शंभर पावलांवर रफिक म्हणत होता, "शेट, जरा खाली ठेवू या, तोंड नसलं तरी वजन आहे."

*

त्या गेमबरोबर एक पिवळी कॅसेट होती. तिच्यावर शेकडो खेळ छापलेले होते, प्रत्यक्षात आत सातआठच. त्यातला एकच आम्ही खेळायचो. त्याचं खरं नाव आम्हाला माहीत नव्हतं, आम्ही त्याला छत्रीवाला म्हणायचो. हातात छत्री घेतलेला एक बुटका माणूस घरांच्या छपरांवरून पळत सुटायचा, आणि दोन छपरांमध्ये फट आली की उडी मारायची. अशा सात स्टेज. पण आमचा टीव्ही मुका, त्यामुळे छत्रीवाला गुपचूप पळायचा आणि गुपचूप पडायचा. आठवडाभर आम्ही तिसरी स्टेज ओलांडू शकलो नाही.

हमीदचाचांनी गेम उलटा करून पाहिला. मागे दोन भोकं होती, एक पिवळं आणि एक तांबडं. "पिवळ्यातून चित्र निघतं, तांबड्यातून आवाज," ते म्हणाले. "तुमचं चित्र अँटेनाच्या वायरीतून जातंय, म्हणून ही दोन्ही रिकामी बसलीत. आवाज आहे बेटा. तुम्ही घेत नाही."

चार दिवसांनी त्यांनी हा डबा बनवून दिला. कोणाच्या तरी टेपरेकॉर्डरचा स्पीकर, कोणाच्या तरी रेडिओचं बटण, त्यांच्या घरातली चाळणी. मागे सहा सेल. मूठ धरून कुठेही न्यावा. तांबड्या भोकात पिन घातली, बटण फिरवलं, आणि डब्यातून एकदम टिपटिप टिपटिप अशी चाल सुरू झाली. छत्रीवाला इतके दिवस गाण्यावर पळत होता, आणि ते आम्हाला माहीतच नव्हतं. आईने पिकोचं मशीन थांबवून विचारलं, "हे काय आलं आता घरात?"

"आवाज, काकू," रफिक म्हणाला.

फक्त वायर आखूड होती. चाचांकडे तेवढीच शिल्लक होती. त्यामुळे डबा गेमला चिकटून ठेवावा लागे, आणि गेम माझ्या मांडीशी. रफिकला तो थरथरणारा टीव्ही सोसत नसे. पाच मिनिटांत त्याच्या डोळ्यांतून पाणी यायचं, कपाळ दुखायचं. म्हणून तो टीव्हीकडे पाठ करून बसायचा, माझ्या पाठीला पाठ लावून, डबा मांडीवर घेऊन. डोळे माझे, कान त्याचे. फट यायच्या आधी चालीत काहीतरी होतं, ते त्याला कळायचं आणि तो म्हणायचा, "आता." मी बटण दाबायचो. छत्रीवाला पलीकडे.

पुढे पुढे तो "आता" म्हणायचासुद्धा नाही. उडी जवळ आली की त्याची पाठ किंचित ताठ व्हायची. शर्टातून ते मला कळायचं. माझा अंगठा त्याच्या पाठीनेच दाबला जायचा.

"काकू, दोन मिनिटं मशीन थांबवता का? उडी आहे."

"तुमच्या उडीवर माझी चूल पेटत नाही," आई म्हणायची, आणि मशीन थांबवायची.

ते एक वर्ष मला ऋतूंनी आठवतं. उन्हाळ्यात वरचा पत्रा तापायचा आणि दोघांच्या पाठी घामाने एकमेकींना चिकटायच्या. गेमचा अडॅप्टर इतका गरम व्हायचा की जळक्या प्लॅस्टिकचा वास खोलीभर पसरायचा. मग अर्धा तास सगळं बंद करून त्याच्यावर वर्तमानपत्राने वारा घालायचो, तापलेल्या माणसाला घालावा तसा. गणपतीच्या दहा दिवसांत मांडवांच्या भोंग्यांपुढे आमच्या डब्याचं काही चालत नसे. तेव्हा रफिक कान थेट जाळीला लावून बसायचा, आणि उठला की त्याच्या गालावर चाळणीची भोकं उमटलेली असायची. थंडीत तो घरून घोंगडी आणायचा. ती दोघांच्या खांद्यांवरून घ्यायची, की बाहेरून चार पायांचं एकच जनावर बसल्यासारखं दिसे. आणि बारा महिने वीज जायची. सहाव्या स्टेजला वीज जाण्याचा आवाज मला अजून ओळखू येईल. टक. मग अंधार नाही, नुसती शांतता. तो गेम काही लक्षात ठेवत नसे. वीज आली की पुन्हा पहिल्यापासून.

एकदा विसर्जनाच्या मिरवणुकीत आम्ही बँडमागून चाललो होतो. रफिक म्हणाला, "हे तेच वाजवतायत, जे उन्हाळ्यात लग्नात वाजवत होते. नुसतं हळू केलंय."

"काहीतरीच. ते वेगळं होतं."

"तेच आहे. तू चाल ऐक ना, शेट. वेग कशाला बघतोस?"

मी हसण्यावारी नेलं. माझं लक्ष फुगेवाल्याकडे होतं. तो फुग्याचा भाव फार चढा सांगत होता.

*

सातवी स्टेज आम्ही पाहिली नव्हती. पेठेत एक व्हिडिओ गेमचं दुकान होतं, तासावर खेळायला मिळायचं, तिथे हीच कॅसेट होती. तिथे जाऊन कोणीही सातवी पाहू शकला असता. म्हणून आम्ही डब्यावर हात ठेवून ठरवलं की सातव्या स्टेजला जायचं ते दोघांनी मिळून. एकट्याने जायचं नाही, दुसऱ्या कोणाबरोबर तर नाहीच. डबा चालू होता. हाताखाली जाळी थरथरत होती. मी आयुष्यात पुढे अनेक करार केले, कागदावर आणि तोंडी. इतका गंभीर एकही नाही.

परीक्षा संपल्यानंतरचा रविवार. दुपार. आई पिको केलेल्या साड्या पोचवायला गेली होती. वीज गेली नाही. सहावी स्टेज संपली आणि पडदा काळा झाला.

"टीव्ही गेला," मी ओरडलो.

"गेला नाही," पाठीमागून रफिक म्हणाला. "आवाज चालू आहे. पळ तू."

खरंच चालू होता. सातवी स्टेज म्हणजे रात्र होती. छपरं दिसत नव्हती, फटी दिसत नव्हत्या, नुसती छत्रीची पांढरी कड अंधारात हलत होती. डब्यातून काहीतरी संथ, खोल वाजत होतं, पूर्वी कधी न ऐकलेलं. मी डोळे फाडून पाहत होतो.

"आता," रफिक म्हणाला. मी उडी मारली. पलीकडे.

"आता." पलीकडे.

"थांब. थांब. आता."

एकही चुकली नाही. सहा, सात, आठ. पहिल्याच खेपेला, न पाहिलेल्या जागी, काळ्या पडद्यावर. माझ्या पाठीला त्याची पाठ लागली होती आणि ती शांत होती, अजिबात घाबरलेली नव्हती. मला घाम फुटला होता आणि तो रोजच्या रस्त्याने घरी चालल्यासारखा बसला होता. नवव्या उडीला मी बटण दाबलं नाही. छत्रीवाला पडला.

"काय झालं?" तो म्हणाला.

"तू इथे आधी आला होतास."

"कुठे?"

"सातवीला. त्या दुकानात जाऊन खेळून आलास."

"नाही."

"मग तुला कसं कळत होतं?"

"ऐकू आलं."

"मला नाही आलं ऐकू!"

मी पिन खेचली, खेचताना वायर तुटली. मग मी जे बोललो ते लिहायला नको, पण लिहितो, कारण व्यवहार सांगायचा तर पूर्ण सांगावा. मी म्हणालो, "डोळ्यांचं सोंग करतोस. सगळं दिसतं तुला."

रफिकने चष्मा काढला. सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला. मग वर्षभरात पहिल्यांदा तो टीव्हीकडे तोंड करून बसला. काळा पडदा होता, त्यात आम्ही दोघे दिसत होतो. बराच वेळ तो पाहत राहिला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते त्याने पुसलं नाही. मग डबा जमिनीवर ठेवून उठला.

आमचा जिना लाकडी होता. पहिली पायरी वाजली. दुसरी जरा हळू. तिसरी वाजली आणि थांबली.

मी दाराच्या आत उभा होतो. तो खोकला.

मला सगळं कळत होतं. माझंच शिकवलेलं होतं ते. हाक मारायची पाळी माझी होती. पण जो आधी बोलतो तो हरतो, हेही माझंच शिकवलेलं होतं, आणि फसलेल्या माणसाने का हरावं? खाली गल्लीत कोणीतरी बादली आपटली. तांबट आळी रविवारची बंद होती. मी श्वास धरून मोजत होतो.

चौथी पायरी वाजली. मग पाचवी, आणि पुढच्या सगळ्या भराभर.

*

त्या सुट्टीतच रफिक आणि हमीदचाचांनी घर सोडलं. कोणी कोंढव्याचं सांगितलं, कोणी मिरजेचं. मी विचारायला गेलो नाही. डबा माझ्याकडे राहिला. मी परत केला नाही, आणि कोणी मागायला आलं नाही.

फक्त एकदा, मी फूटपाथवर पिना विकायला बसायचो तेव्हा, हमीदचाचा समोर येऊन उभे राहिले. दाढी पांढरी झाली होती. त्यांनी दोन पिना निवडल्या, आणि मी काही सांगायच्या आत म्हणाले, "डबा आहे ना? आवाज साफ येतो?"

"येतो," मी म्हणालो. तोवर तो पुन्हा कधी लावलाच नव्हता.

त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली. मी रफिकचं नाव काढेन असं त्यांना वाटलं असावं. मी पिना कागदात बांधत राहिलो. फार नीट बांधल्या.

*

आता मी बिबवेवाडीला राहतो. बायकोला जाऊन तीन वर्षं झाली. मुलगी सई नोकरीमुळे खराडीत राहायला गेली आणि जाताना तिचा मोठा गेम इथेच ठेवून गेली. "बाबा, तुम्हाला करमेल," म्हणाली. मला काय करमणार त्यात, बंदुका नि मोटारी. पण एके रविवारी ती भेटायला आली, जुन्या खेळांची यादी सरकवत होती आणि मी ओरडलो, "मागे घे. मागे." छत्रीवाला. तसाच बुटका, पण रंगीत. छत्री निळी निघाली. इतकी वर्षं मी ती करडी समजत होतो.

नव्या यंत्रात खेळ जपून ठेवता येतो. वीज गेली तरी तो तिथेच थांबलेला असतो. त्यामुळे माझ्यासारखा माणूसही चार रविवारांत सहावी ओलांडून सातवीला पोचला. आणि तिथे पडलो. पडतच राहिलो. पडदा भिंतीएवढा, त्यातला अंधारही भिंतीएवढा. दोन फटींपुढे मी गेलो नाही.

मग माळ्यावरून डबा आला. मला वाटलं, आवाज समोरच्या टीव्हीतून येतोय हीच चूक असेल. तो मागून यायला हवा, पाठीकडून. आधी मी दुकानातला एक बिनवायरीचा स्पीकर आणून पाठीशी ठेवला. गेम त्याला ओळखच देईना. सईला फोन लावला.

"अगं, हा तुझा गेम स्पीकर घेत नाही."

"बाबा, तो ब्लूटूथ नाही घेत. टीव्हीला जोडा. पण लॅग येईल."

"म्हणजे?"

"आवाज उशिरा पोचेल. तुम्ही पडाल आणि मग ऐकू येईल."

तसंच झालं. छत्रीवाला पडायचा, आणि मग पाठीमागून चाल यायची. मी स्पीकर उचलून त्याच्या खोक्यात घातला आणि सईला पुन्हा फोन लावला. रफिकला कधी उशीर झाला नव्हता.

"बाबा, वायरच लावा. हातातल्या कंट्रोलरला हेडफोनचं भोक आहे ना, त्यात. आणि सेटिंगमध्ये जाऊन सगळा आवाज तिकडे पाठवा. एवढं मोठं वायरचं दुकान आहे तुमचं!"

दुकान आहे. मी डब्यातले सेलचे गंजलेले पत्रे घासले, एक कंडेन्सर बदलला, नवे सहा सेल घातले. चाचांची आखूड वायर तशीच ठेवली, फक्त जिथे मी तोडली होती तिथे सांधली आणि टोकाला नवी पिन लावली. राळेचा धूर वर आला. बटण फिरवल्यावर डबा आधी घुमला, खरखरला, आणि मग बोलायला लागला.

वायर एवढीशी, कंट्रोलर माझ्या हातात. डबा पाठीमागे ठेवायला पोचेना. मागे धरायला कोणी असेल तरच ते जमतं. शेवटी मी तो स्वतःच्या मांडीवर घेतला, आणि मांडीवर घेतल्यावर आपोआपच वळलो. टीव्हीकडे पाठ, भिंतीकडे तोंड. रफिक बसायचा तसा. रविवारची दुपार होती, वरच्या मजल्यावर कोणीतरी कुकर लावला होता. सातवी स्टेज सुरू केली आणि डोळे मिटले.

पहिल्या दोन खेपा पडलो. तिसऱ्या खेपेला मी वेगाकडे लक्ष दिलं नाही.

ती पहिल्याच स्टेजची चाल होती. टिपटिप टिपटिप. तीच, नुसती हळू केलेली. आणि पहिल्या स्टेजला जिथे जिथे फट होती, चालीतल्या त्याच त्याच जागी इथेही ठोका सुटत होता. रोज, दर खेपेला, वीज गेल्यावर पुन्हा पुन्हा आम्ही पहिली स्टेज खेळलो होतो. त्याला ती पाठ होती. सातवीला यायला त्याला कुठल्या दुकानात जायची गरज नव्हती.

मी न पाहता उड्या मारत गेलो. आठ, नऊ, दहा. पाठीमागे कोणी नव्हतं, तरी प्रत्येक उडीच्या आधी माझी पाठ ताठ होत होती. शेवटी डब्यातून एक छोटीशी धून वाजली. मागे वळलो तेव्हा छत्रीवाला एका गच्चीवर उभा होता आणि पडद्यावर उजाडलं होतं. ते पाहायला आम्ही दोघे असायला हवे होतो, तसा करार होता. करार मी मोडला. एकट्याने गेलो.

रफिक, तू सोंग केलं नव्हतंस. तू सातवीला आधी गेला नव्हतास. हे मी लिहून देतो, यावर घासाघीस नाही. मी बोललो ते शब्दही माझे, त्यांची माफी मी तोंडावर मागेन.

पण तुझ्याकडेही जाब निघतो. तू मला ओळखत होतास. मी प्रत्येक गोष्टीला आधी नाहीच म्हणतो, पेरूवाल्यालाही म्हणालो होतो. आणि तू फक्त "ऐकू आलं" म्हणालास. दोन शब्द. अरे, इतकी चढी गोष्ट सांगून कोणी दोन शब्दांत उठतं का? चाल तीच आहे, हळू केलीय, एवढं म्हणायचं. मी नाही म्हटलं असतं, तू पुन्हा म्हणायचं. बाजार असाच चालतो. आणि तिसऱ्या पायरीवर तू खोकलास, तेव्हा हाक माझ्या घशापर्यंत आली होती. मला आणखी एक श्वास हवा होता. तो तू दिला नाहीस. मी म्हणतो फसवलंस, ते आता एवढ्यासाठीच, आणि हे मी सोडणार नाही.

डबा बोलतोय. वायर मुद्दाम तेवढीच आखूड ठेवली आहे. बुधवार पेठेत येऊन कोणालाही विचार, शेट कुठे बसतात. दुपारी एक ते चार मी दुकान बंद ठेवतो, तेव्हा आलास तर शटर वाजव. आत ये, आणि माझ्या तोंडावर सांग, रफिक, चौथी पायरी का उतरलास?